हिराबाई जैनाबादीचं चरित्र लिहायचं तर

औरंगजेबाची प्रेयसी हिराबाई हिच्यावर लिहायला घेतलं की हात आधी आंब्याच्या गोष्टीकडे जातो. ती गोष्ट शेवटी घ्या. आधी वहीत पाच रकाने आखा: किताब (म्हणजे पदवी), कोणाच्या घरातून आली, कशाच्या बदल्यात, मुलं, आणि नावावरची वास्तू किंवा वस्ती. हरमातल्या बाईचं वजन यांवर ठरायचं आणि वैरही यांतूनच उभं राहायचं. औरंगजेबाच्या हरमातल्या दिलरास बानू, नवाबबाई, औरंगाबादी महल आणि उदयपुरी महल यांच्यासाठीही हेच रकाने भरा. एकटी हिराबाई मांडली तर दरबार दिसतच नाही.

किताबापासून सुरुवात करा. दिलरास बानू ‘बेगम’, इराणच्या सफवी राजघराण्यातली, पहिल्या मानाची. नवाबबाई लग्नाची, पण मान दिलरासच्या खाली. गावाच्या नावापुढे ‘महल’ लागलं की ती सहसा उपपत्नी. जैनाबाद म्हणजे बुऱ्हाणपूरसमोरचं, तापीपलीकडचं गाव. मात्र किताबातलं गाव हे जन्मगाव धरू नका. उदयपुरीला मेवाडची राजकन्या ठरवण्याची चूक इथंच होते. इटालियन प्रवासी मनुची तिला औरंगजेबाचा भाऊ दारा शुकोह याच्या घरातली जॉर्जियन दासी म्हणतो.

आता हिराबाईची हकिकत. ‘अहकाम-इ-आलमगिरी’ या औरंगजेबाच्या आख्यायिकांच्या फारसी संग्रहात औरंगजेब मावशीच्या घरात वर्दी न देता शिरतो आणि झाडाची फांदी धरून गुणगुणणारी हिराबाई पाहून बेशुद्ध पडतो. ‘मआसिर-उल-उमरा’ या मुघल सरदारांच्या चरित्रकोशात ती जैनाबादच्या आहूखाना बागेत उडी मारून आंबा तोडते. पहिल्यात मावशीचा नवरा सैफखान, दुसऱ्यात मीर खलील. दोन्हींची खिचडी करून एकच प्रसंग रंगवू नका, प्रत्येकाला वेगळं पान द्या. औरंगजेबाची दक्खनची सुभेदारी दोनदा झाली: १६३६ ते १६४४ आणि पुन्हा १६५२ नंतर. प्रसंग कोणत्या खेपेचा हे त्या नवऱ्याच्या नेमणुकांवरून ताडायचं. शिवाय ‘मआसिर’ लिहिणारा शाहनवाजखान १७५८ मध्ये औरंगाबादेत मारला गेला, म्हणजे तो घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहितोय, हेही नोंदवा.

‘अहकाम’मधला खरा मोलाचा तपशील वेगळाच आहे. हिराबाई देण्याच्या बदल्यात औरंगजेबाच्या हरमातली छत्तरबाई मागितली जाते. दोन बायकांची अदलाबदल, आणि दोघींना कोणी विचारल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. प्रेमकथेच्या भरात हे वाक्य गाळणं हा तिच्यावर अन्याय आहे.

फारसी साधनांत तारखा हिजरी सनात असतात. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, इसवी सन जवळपास येतो. १०६७ चं उत्तर १६५७ येतं, पण ते वर्ष ऑक्टोबर १६५६ ते ऑक्टोबर १६५७ असं पसरलेलं आहे. महिना न पाहता सन लिहिला की एक वर्षाची चूक होते.

वैर शोधायचं ते मुलांच्या रकान्यात. जनानखान्यातले टोमणे कोणी टिपून ठेवले नाहीत. वारसाहक्काच्या लढाया मात्र तारखेनिशी आहेत. नवाबबाईचा मुअज्जम, दिलरासचा आजम, उदयपुरीचा कामबक्ष. जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजऊला आजम पडला, जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादेजवळ कामबक्ष. दोन्ही वेळा जिंकला तो मुअज्जम. हिराबाईच्या नावावर शहजादा नाही आणि ती तरुणपणीच गेली, म्हणून या हिशेबात ती कुठंच येत नाही.

वास्तूंसाठी लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगरातला बीबी का मकबरा ८ ऑक्टोबर १६५७ ला वारलेल्या दिलरासचा आहे. तो हिराबाईला चिकटवू नका. बायजीपुरा नवाबबाईनं वसवला आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरची सराईही तिचीच. मान दुसरा असला तरी पैसा हाती होता, हे या दोन जागा सांगतात. हिराबाईबद्दल ‘मआसिर’ एवढंच सांगतो की तिला औरंगाबादेत मोठ्या तलावाजवळ पुरलं. शिलालेख नसलेल्या कबरीचा फोटो तिच्या नावानं छापू नका.