प्रशिक्षण स्वयंपाकघरातून सुरू करा

वसतिगृहातल्या मुलांचं वागणं कसं हाताळायचं, याचं प्रशिक्षण तिथल्या कर्मचाऱ्यांना द्यायचं असेल तर पहिली बैठक दुपारी तीनला स्वयंपाकघरात लावा. तोवर भांडी आवरलेली असतात. मुलगा जेवायला आला तेव्हाच घुश्शात होता, हे अधीक्षकांना कळत नाही, वाढणाऱ्या मावशींना कळतं. रात्री कोण जागं असतं ते राखणदाराला ठाऊक. मी सिंधुदुर्गात समुपदेशक आहे. अशा बैठकीला प्रोजेक्टर नेत नाही; पावसात लाईट जातेच.

वागण्यामागचं कारण शोधायचं आणि शिक्षेऐवजी मुलाला दुसरा मार्ग द्यायचा, या पद्धतीला सकारात्मक वर्तन आधार म्हणतात. त्रासदायक वागण्यातून मुलाला काहीतरी मिळत असतं: नकोसं काम टळतं, कुणाचं लक्ष मिळतं, हवी ती वस्तू मिळते किंवा शरीराला बरं वाटतं. एवढं सांगून लगेच वही काढा.

वहीत तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. ‘माजलाय’, ‘आगाऊ’, ‘उद्धट’ हे शब्द लिहायला बंदी. डोळ्यांना दिसलं, कानांनी ऐकलं तेवढंच. ‘उद्धटपणा केला’ हे खोडायला लावा आणि ‘“जेवणार नाही” म्हणून ताट ढकललं’ असं लिहून घ्या. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी सांगावं, दुसऱ्याने लिहावं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र एक ओळही नको. मुलाची अब्रू गावभर व्हायला वेळ लागत नाही.

मी नेहमी देते ते उदाहरण आठवीतल्या मुलाचं. संध्याकाळच्या अभ्यासाला गणित आलं की शेजारच्याला ढोसायचा, मग त्याला व्हरांड्यात उभं करायचे. नोंदी मोठ्याने वाचल्या तेव्हा राखणदारच म्हणाला, “तेका भायरच जावक व्हया, आणि तुमी तेका भायरच धाडतास!” शिक्षा म्हणजे त्याची सुटका होती. मग ठरलं, वहीवर लाल चिठ्ठी ठेवली की पाच मिनिटं बाहेर जायची परवानगी, भांडणाशिवाय. आणि गणितं सोपी करून, थोडी थोडी द्यायची. दुसरा भाग लोक विसरतात. जे टाळावंसं वाटतं ते तसंच ठेवलं, तर चिठ्ठी किती दिवस पुरणार?

यानंतर नाटक करायला लावा. अधीक्षकांनी चिडलेला मुलगा व्हायचं, मावशींनी त्याला शांत करायचं. आवाज खाली, अंतर राखून, एका वेळी एकच वाक्य. भडकलेल्या मुलाला उपदेश ऐकू जात नाही. कौतुकाचाही सराव घ्या: नुसतं ‘शाब्बास’ नको, ‘राग आला तरी हात उचलला नाहीस’ असं नेमकं. मोठ्या माणसांना हे ओरडण्यापेक्षा अवघड जातं, लाजतात. हसू द्या त्यांना.

“पूर्वी एक कानफटात दिली की सरळ व्हायची” असं कुणीतरी म्हणेलच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे, हे सांगा आणि पुढे चला. वाद घालत बसू नका.

खरं शिकणं बैठकीनंतर होतं. पंगतीला, अभ्यासाला त्यांच्याबरोबर उभं राहा आणि काय जमलं ते बाजूला घेऊन सांगा, मुलांसमोर कधीच नाही. आपल्याकडचे कठीण दिवस कॅलेंडरवर आधीच खुणवा. गणपतीहून परतल्यावरचा आठवडा, मुंबईचे आईवडील परत गेलेले असतात. ऑगस्टची सुरुवात, मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि बाप समुद्रावर जातो. त्या दिवसांत घरी फोन लावायची वेळ वाढवा.

वहीत कधीच न येणाऱ्या मुलाचं नावही दर आठवड्याला विचारा. जेवण तुटलंय, झोप उडालीय, मित्र सुटलेत, तर तो शिस्तीचा प्रश्न नाही. मरणाची भाषा किंवा अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर वही बाजूला ठेवा, मुलाला एकटं सोडू नका, अधीक्षकांना आणि घरच्यांना लगेच कळवा. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते. सल्ल्यासाठी रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तातडीचा धोका असेल तर फोनवर न थांबता जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. हे नंबर ऑफिसच्या कपाटात नकोत, फडताळाच्या दारावर आतून चिकटवा, जिथे मावशींचा हात रोज जातो.