अरुषात नवीन आलात? न्दोरोबो म्हणजे त्से त्से माशीबद्दल चार गोष्टी

टांझानियातल्या अरुषात मला 19 वर्षं झाली. नवीन मराठी कुटुंब आलं की सामान लागायच्या आत तरंगिरे राष्ट्रीय उद्यानाची सहल ठरते, आणि परतल्यावर फोन येतो, "ताई, ती माशी चावली. आता झोपेचा आजार होणार का?" बहुतेक वेळा उत्तर "नाही" असंच असतं. पण मी प्रत्येकाला आधी एक काम सांगते: चावल्याची तारीख आणि जागा लिहून ठेवा.

अरुषा शहरात त्से त्से माशी नाही. मुलांना अंगणात खेळायला खुशाल सोडा. ती सापडते झाडीत: तरंगिरेत, सेरेंगेटीच्या झाडीच्या भागांत. ड्रायव्हर तिला न्दोरोबो म्हणतात, काही जण म्बुङो. आपल्या घरमाशीपेक्षा मोठी, तपकिरी, सोंड सरळ पुढे. बसली की दोन्ही पंख कात्रीच्या मिटलेल्या पात्यांसारखे एकावर एक ठेवते. ओळखायची हीच खूण. एकदा माझ्या गुडघ्यावर जीन्सच्या आरपार सोंड घालून बसली होती. सपाट पोट मिनिटभरात डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल आणि टपोरं झालं. हाताने मारली तरी उठून उडाली, इतकी चिवट.

चालत्या गाडीमागे ती धावते, कारण हलणारी मोठी गडद वस्तू तिला जनावर वाटते. म्हणून झाडीत काचा बंद ठेवा. गडद निळा आणि काळा हे तिचे आवडते रंग. नेव्ही ब्लू टी-शर्ट घरी ठेवा, मातकट, जाड, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वाटेत झाडांना निळे-काळे कापडी फलक टांगलेले दिसतील. ते कीटकनाशकात भिजवलेले असतात, माशीला भुलवून मारण्यासाठी. मुलांना हात लावू देऊ नका. भारतातून आणलेली डासांची क्रीम हिच्यावर फारशी चालत नाही, आणि ती चावते दिवसा, त्यामुळे मच्छरदाणीचाही उपयोग नाही.

ही माशी मला मात्र थक्क करते. नर असो की मादी, जन्मभर फक्त रक्त पिते. रक्तात ब गटाची जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. ती तिला तिच्या आतड्यालगतच्या खास पेशींत राहणारा विगल्सवर्थिया नावाचा जिवाणू करून देतो. मादी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात दुधासारख्या पाझरावर वाढवते, साधारण नऊ-दहा दिवसांनी जमिनीवर सोडते, आणि अळी लगेच मातीत शिरून कोश करते. जिवाणू त्या दुधातूनच लेकराकडे जातो, आपल्याकडे सासूच्या घरचं विरजण सुनेकडे जावं तसा. जिवाणू काढून टाकला तर मादी जगते, पण तिला पिल्लं होत नाहीत. सोडॅलिस नावाचा आणखी एक सोबती जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता येतो. त्याच्यात बदल करून माशीच्या पोटातच रोगजंतू मारता येतील का, यावर संशोधन चालू आहे.

इतकी हळू वाढणारी माशी संपवताही येते. झांझिबारच्या उंगुजा बेटावर 1994 ते 1997 मध्ये किरणोत्साराने वंध्य केलेले नर विमानातून सोडले. मादी सहसा एकदाच मीलन करते, त्यामुळे बेट माशीमुक्त झालं. झांझिबारला जाताना ही काळजी नको.

आता आजार. माशी ट्रिपॅनोसोम नावाचा परजीवी वाहते. गुरांना होतो तो नगाना. गाई पाळायचा विचार असेल तर जागा घेण्याआधी पशुवैद्याला विचारा. गुरांचे बहुतेक ट्रिपॅनोसोम माणसाच्या रक्तात टिकत नाहीत, तिथलं एक प्रथिन त्यांना मारतं. सर्रा या जनावरांच्या आजाराचा ट्रिपॅनोसोम भारतात गोमाश्यांतून जनावरांत पसरतो, पण 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तो झाला, कारण त्याच्या रक्तात हे प्रथिनच काम करत नव्हतं. टांझानियातला ट्रिपॅनोसोमचा ऱ्होडेसिएन्से प्रकार, म्हणजे झोपेच्या आजाराचा परजीवी, या प्रथिनावर मात करतो. तो फार थोड्या माश्यांत असतो, पण 2001 मध्ये तरंगिरे-सेरेंगेटी पाहून गेलेल्या परदेशी पर्यटकांना लागण झाली होती.

हा प्रकार वेगाने वाढतो. बहुधा एक ते तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काहींना चावल्या जागी दुखरी लाल गाठ येते. उपचार झाले नाहीत तर परजीवी मेंदूपर्यंत पोचतो, माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, बरळतो, आणि अखेर दगावतो. लस नाही, आधी घ्यायची गोळी नाही, मलेरियाच्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत. लवकर कळलं तर औषधं आहेत.

म्हणून ताप आला की फक्त मलेरियाच्या झटपट तपासणीच्या पट्टीवर थांबू नका. पट्टीत ट्रिपॅनोसोम दिसत नाही. आमच्या शेजारच्या मुलाला सफारीनंतर पंधरा दिवसांनी ताप आला, तेव्हा दवाखान्याने पट्टी निगेटिव्ह म्हणून त्याला घरी पाठवलं. मी त्याच्या आईला घेऊन परत गेले आणि रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावली. सुदैवाने टायफॉइड निघाला. सांगताना "न्दोरोबो" आणि "मलाले" हे दोन शब्द वापरा. मलाले म्हणजे हाच आजार.

सुट्टीला गावी गेल्यावर ताप आला तर हे जास्तच लक्षात ठेवा. पुण्या-नागपुरातले डॉक्टर आधी डेंग्यू, मलेरिया तपासतील, आणि ते बरोबरच आहे. पण खोलीत शिरताच सांगा: "मी टांझानियातून आलोय, अमुक तारखेला तरंगिरेत त्से त्से माशी चावली, रक्तात ट्रिपॅनोसोम पाहा." तारीख फोनमध्ये लिहिलेली असली की घरचं कुणीही ते सांगू शकेल.