बोटीवरून आलेले इंग्लिश शब्द शिकताय? या चुका टाळा

शब्दामागची गोष्ट कळली की शब्द डोक्यात बसतो हे खरंय, पण गोष्टच खोटी असली तर काय करणार. ‘पॉश’चं घ्या. म्हणे इंग्लंडहून बोटीने इंडियाला येताना डावीकडची केबिन आणि परत जाताना उजवीकडची, दोन्ही सावलीतल्या म्हणून महाग, आणि तिकिटावर ‘पोर्ट आउट स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं छापलेली. मीपण ही गोष्ट मिरामारला बसून चारचौघांना रंगवून सांगितलीय. पण तसं तिकीट आजवर कोणालाच सापडलेलं नाही. आद्याक्षरं जोडून जुना शब्द बनला असं कोणी सांगितलं की आधी संशयच घ्या, ती पद्धत फोफावली 20व्या शतकात.

दुसरी चूक आपली खास व्हॉट्सॲपवाली, ‘नेव्हिगेशन’ म्हणजे संस्कृत ‘नवगति’! ते आलंय लॅटिनमधून. आपला ‘नौ’ आणि लॅटिन ‘नाव्हिस’ एकाच मुळाचे, म्हणजे भावंडं झाली, बाप-लेक नाही. ‘नॉशिया’पण ह्याच घरातला, ग्रीकमध्ये जहाजाला ‘नाउस’, त्यावरून बोट लागणं, मळमळणं.

‘स्टारबोर्ड’मध्ये तारा शोधू नका. जुन्या बोटींचं सुकाणू उजव्या कडेला असायचं, ती ‘स्टिअर’ करायची बाजू. डाव्या बाजूला आधी ‘लारबोर्ड’ म्हणायचे, पण वाऱ्यात ओरडून सांगितल्यावर दोन्ही सारखंच ऐकू येणार ना, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 साली ‘पोर्ट’ म्हणायचा हुकूम काढला. आणि ही बाजू बोटीची असते, तुमची नाही, त्यामुळे बेतीच्या फेरीबोटीत मागे तोंड करून उभं राहिलात तरी स्टारबोर्ड जागचा हलत नाही.

वादळाच्या बातम्यांत ‘50 नॉट्स पर अवर’ ऐकलं की माझं डोकंच फिरतं. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर, त्यात ‘तास’ आधीच आहे. पूर्वी लाकडाचा तुकडा दोरीला बांधून पाण्यात सोडायचे, दोरीवर ठरावीक अंतरावर गाठी (म्हणजेच ‘नॉट्स’), आणि सुमारे 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे. तो तुकडा म्हणजे ‘लॉग’, वेग लिहायची वही ‘लॉगबुक’, आणि आज आपण मोबाइलवर ‘लॉग इन’ करतो ते तिथूनच.

‘अलूफ’ एकटा ह्या अर्थाने वापरू नका, घरी एकटे असाल तर ‘अलोन’. अलूफ म्हणजे तुटक, चार हात लांब राहणारा. मूळ अर्थ बोटीचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, म्हणजे ती किनाऱ्याकडे ढकलली जात नाही.

राहिलं ‘थ्री शीट्स टू द विंड’. शीट म्हणजे शीड असं बहुतेकांना वाटतं (बेडशीटमुळे असेल), पण ती शीड ताणून धरणारी दोरी. तीन दोऱ्या सुटल्या की शीड फडफडतं आणि बोट झोकांड्या खाते, फेणी जास्त झालेला माणूस खाईल तशी, आणि अर्थही तोच, फुल्ल टाइट.