खिमा मध्यापर्यंत सुरक्षित शिजवण्यासाठी

अखंड मांसाच्या तुकड्यावरील जिवाणू बहुतांशी पृष्ठभागावरच असतात आणि बाहेरून नीट भाजले की त्यांतले बहुतेक मरतात. खिमा करताना मात्र हाच पृष्ठभाग यंत्रातून जाऊन सगळ्या मांसात मिसळतो, त्यामुळे साल्मोनेला किंवा ई. कोलाय यांसारखे जिवाणू गोळ्याच्या पार मध्यापर्यंत पोहोचतात. १९९३ साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधील ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूमुळे शेकडो लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली, ती याच कारणाने.

शेळी, मेंढी, डुक्कर किंवा गोवंशाच्या मांसाचा खिमा मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कोंबडीचा खिमा ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. रंगावर विसंबू नये, हे मी आग्रहाने सांगेन. मांसाला लाली देणारे मायोग्लोबिन कधीकधी सुरक्षित तापमान येण्याआधीच तपकिरी होते, तर कधी पूर्ण शिजलेले मांसही गुलाबी दिसते. म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरावा. पॅटी, म्हणजे खिम्याची चपटी टिक्की, पातळ असल्याने तो वरून खुपसल्यास टोक तव्याला टेकते आणि आकडा खोटा येतो. तो कडेने आडवा घालून टोक बरोबर मध्यावर आणावे आणि आकडा स्थिर होऊ द्यावा.

रस्सा किंवा सॉससाठी मोकळा परतलेला खिमा तुलनेने सोपा असतो, कारण गुठळ्या फोडून ढवळत राहिल्यास प्रत्येक कणाला उष्णता मिळते. तव्यावरची पॅटी मात्र फसवी असते : आच मोठी असेल तर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. अशा वेळी आच मध्यम ठेवून पॅटी वारंवार उलटावी. एकदाच उलटण्यापेक्षा त्याने उष्णता दोन्ही बाजूंनी सारखी आत शिरते. गोठलेली पॅटी थेट भाजायची झाल्यास वेळ बराच जास्त लागतो. ओव्हनमध्ये उष्णता चहूबाजूंनी मिळते, तरी जाड वडीचा मध्य शेवटीच तापतो. मायक्रोवेव्हमध्ये काही जागा थंड राहतात, म्हणून भांडे झाकावे, मध्येच ढवळावे, बंद केल्यावर थोडा वेळ तसेच ठेवावे आणि मग दोन-तीन ठिकाणी तापमान मोजावे. प्रेशर कुकरमध्ये वाफेचे तापमान १०० अंशांच्या वर जात असल्याने मोकळा खिमा त्यात चांगला शिजतो.

शिजवल्याने सगळेच दोष जात नाहीत. कच्चा खिमा तासन्‌तास बाहेर राहिला आणि त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू वाढला, तर त्याचे विष उकळल्यानेही नष्ट होत नाही. गोठवण्याने जिवाणूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. म्हणून गोठलेला खिमा फ्रिजमध्येच वितळू द्यावा. फ्रिजमधला कच्चा खिमा एक-दोन दिवसांतच वापरावा.

शिजलेल्या पदार्थाकडेही तितकेच लक्ष हवे. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपे, नेहमीच्या शिजवण्यात टिकतात आणि मोठ्या पातेल्यात हळूहळू निवणाऱ्या रश्श्यात पुन्हा वाढू लागतात. उरलेला खिमा उथळ भांड्यांत पसरून दोन तासांच्या आत, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवावा. पुन्हा खायला घेताना तो ७४ अंशांपर्यंत गरम करावा.