महामार्गावर सांडलेलं केमिकल साफ करताना मागून येणारी गाडी विसरू नका : या चुका टाळा

टँकरमधून ॲसिड सांडलं की सगळ्यांचं लक्ष ॲसिडकडे जातं. मास्क, गमबूट, ॲसिडचा जोर मारणाऱ्या सोडा ॲश पुडीच्या गोण्या सगळं येतं. गाड्यांना इशारा देणारे प्लॅस्टिकचे कोन मात्र चारच, तेही टँकरला खेटून. 80 च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. चालकाला दिसून, कळून, गाडी थांबेपर्यंत कोरड्या सपाट रस्त्यावरही सुमारे 120 मीटर जातात. वेग 100 असेल तर 180. खंबाटकी घाटाच्या उतारावर किंवा पावसात याहून जास्त. टँकरमागे वीस मीटरवर ठेवलेला धोक्याचा त्रिकोण दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

आधी गोणी, मग वाहतूक

हा क्रमच उलटा आहे. आधी 112 ला, राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 लाही फोन करा. टँकरवरच्या फलकावरचा चार आकडी यूएन नंबर (आत कोणतं केमिकल आहे ते सांगणारा जागतिक क्रमांक) लांबूनच वाचून सांगा : 1830 सल्फ्युरिक ॲसिड, 1789 हायड्रोक्लोरिक, 1824 कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण), 1203 पेट्रोल. या चारही द्रवांसाठी सुरुवातीला चहूबाजूंनी किमान 50 मीटर मोकळे ठेवतात. गाड्या अडवून होईपर्यंत एकाही माणसाने डांबरावर उतरू नये. क्लोरीन किंवा अमोनियासारखा वायू असेल तर साफसफाईच्या टीमने लांबच थांबावं.

वारा न बघता गाड्या अडवणारा झेंडेवाला उभा करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. केमिकलचा धोका वाऱ्यावर आणि उतारावर ठरतो, गाड्यांचा वेगावर. ही दोन क्षेत्रं जुळतीलच असं नाही. वारा टँकरवरून मागच्या गाड्यांच्या दिशेने वाहत असेल, तर झेंडेवाला आणि थांबलेली रांग दोन्ही वाफेत सापडतात. अशा वेळी एक लेन चालू ठेवायचा हट्ट नको. पुरेसं मागे, सर्व्हिस रोडच्या तोंडाशी, पोलिसांकडून अख्खी बाजू बंद करून घ्या. पेट्रोल असेल तर रांगेतली चालू इंजिनंही ठिणगीचं कारण ठरू शकतात. मशाल किंवा जळतं टायर लावून इशारा देणं तर सरळ आत्मघात.

कोन कमी, रांग आखूड

कोन सारखे उडतायत किंवा गाड्या शेवटच्या क्षणी लेन बदलतायत? लेन हळूहळू बंद करणारी कोनांची तिरकी रांग आखूड आहे. साधा हिशेब : बंद करायची रुंदी मीटरमध्ये गुणिले वेग, भागिले 1.6. साडेतीन मीटरची लेन आणि 80 चा वेग म्हणजे 175 मीटर, दर 15 मीटरला एक धरून बारा-तेरा कोन. पहिला इशारा त्याच्याही मागे, आणि वळण असेल तर वळणाच्या आधी. वळणातला फलक चालकाला उशिरा दिसतो.

उसाच्या हंगामात कराड, इस्लामपूर भागात हे अंतर आणखी वाढवा. दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर लवकर थांबत नाही, आणि कोनांमधून वळताना मागची ट्रॉली आत कापते. चालू लेन जरा रुंद सोडा.

आडवा टिपर, पण चाकं सरळ

कोनांनी गाडी अडत नाही, म्हणून कोन आणि कामगारांच्या मध्ये भरलेला टिपर (डंपर) लावतात. तो कामगारांपासून किमान 30 मीटर मागे हवा. हँडब्रेक ओढलेला, केबिन रिकामी आणि पुढची चाकं कामाच्या जागेपासून बाहेर वळवलेली. चाकं सरळ राहिली तर मागून धडक बसताच टिपर थेट माणसांवर जातो.

जॅकेट आत, सूट वर

केमिकल सूटखाली घातलेलं रिफ्लेक्टर जॅकेट कुणाला दिसणार? ते वरच हवं. पोपटी रंग दिवसाच उपयोगी. रात्री चमकते ती रिफ्लेक्टर पट्टी, आणि तिच्यावर चिखल किंवा केमिकल बसलं की तीही विझते.

पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमधून बाजूचं दिसत नाही, ऐकूही कमी येतं. म्हणून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभा राहणारा एक माणूस फक्त पहाऱ्याला ठेवा, त्याच्या हातात फावडं देऊ नका. त्यालाही मास्क लागणार असेल तर शिट्टी निरुपयोगी. हाताने पंप करायचा हॉर्न द्या. डब्यातल्या काही हॉर्नमधला वायू ज्वलनशील असतो, तो पेट्रोलजवळ नको. आणि उलट दिशेने साइडपट्टीवरून येणारी दुचाकी आपल्याकडे नेहमीचीच, त्यामुळे अधूनमधून मागेही नजर हवी.

पाणी मारून मोकळं होणं

तीव्र सल्फ्युरिकवर पाणी पडलं की ते तापून उडतं, शिवाय ओघळ चालू लेनमध्ये जातो. तिथून टायर तेच पाणी कामगारांच्या तोंडावर फवारतात. आधी मातीचा बांध घाला, मग सोडा ॲश कडेकडून आत टाकत या. भुसा वापरू नका. रस्ता उघडण्यापूर्वी ॲसिड उरलंय का ते दाखवणारा पीएच पेपर लावा आणि बांधाची माती पूर्ण खरवडून काढा, दुचाकी तिच्यावरच घसरते.

कोन उचलताना मांडल्याच्या उलट क्रमाने या : कामाच्या टोकापासून सुरुवात, पहिला इशारा फलक सगळ्यात शेवटी. कोन येण्यापूर्वी कुणी इशारा म्हणून दगड आणि फांद्या ठेवल्या असतील, तर पोलिसांनी मागे वाहतूक धरून ठेवलेली असतानाच त्या उचलून घ्या.