राखून ठेवलेली बॅटरी आधी गेली

मी रंगमंचावरचे फोटो काढते, नाटकं आणि नृत्याचे कार्यक्रम. एकाच दिवशी घेतलेल्या चार बॅटऱ्यांच्या पाठीवर मी मार्करने १ ते ४ आकडे घातले होते. १ आणि २ रोज राबल्या, ३ अधूनमधून. ४ मात्र अडीनडीला असावी म्हणून पूर्ण चार्ज करून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. ती फळी दुपारी चांगलीच तापते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. तीन वर्षांनी ऐन प्रयोगात ती कॅमेऱ्यात घातली. जाताना जरा घट्ट गेली, मी जोर लावला. मग बाहेरच येईना. फुगली होती. रोज राबलेली १ नंबरची अजून पूर्ण प्रयोग काढते.

लिथियम-आयन बॅटरी दोन हिशोबांनी झिजते. एक वापराचा: साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर तिची क्षमता नव्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. आज अर्धी वापरून भरली, उद्या पुन्हा अर्धी, तर दोन्ही मिळून एकच चार्ज धरायचा. दुसरा हिशोब वयाचा. तो कारखान्यातून निघाल्यापासून सुरू होतो, आणि उष्णता व पूर्ण चार्ज एकत्र आले की फार वेगाने पळतो. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टवर असतो, आणि त्या ताणाखाली आतली रसायनं हळूहळू बिघडत राहतात. आपण बॅटरीला हातही न लावता.

म्हणून माझा नियम: चार्जिंग आदल्या रात्री, आठवडाभर आधी नाही. भरली की चार्जरमधून काढायची. शूटवरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, आधी निवू द्यायची. उन्हात उभ्या गाडीत कॅमेऱ्याची बॅग ठेवायची नाही, पाच मिनिटं म्हणून गेलेला माणूस तासाने येतो.

महिनाभर काम नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवा. ४० ते ६० टक्के, काटेकोर मोजमाप नको. कॅमेऱ्यातून बाहेर काढा, कारण बंद कॅमेराही थोडीथोडी वीज ओढत असतो. थंड, कोरडा ड्रॉवर पुरे. फ्रिज सुचवणारे भेटतात, पण बाहेर काढल्यावर धरणारं दव मला नको. दर तीन-चार महिन्यांनी चार्ज बघा. पार रिकामी होऊन पडून राहिली तर आतलं संरक्षक सर्किट तिला बंद करतं आणि चार्जर नुसता दिवा लुकलुकवत बसतो.

‘पूर्ण संपवूनच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला तो उलट महाग पडतो. मी २० टक्क्यांच्या आसपास चार्ज उरला की दुसरी घालते.

थंडीत बॅटरी लवकर संपली तर घाबरू नका, आतल्या खिशात ठेवून ऊब द्या, बरीचशी परत येते. पण शून्य अंशाखाली चार्ज मात्र करू नका, ते नुकसान कायमचं असतं.

कुठली बॅटरी थकली हे कसं ओळखायचं? कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूमध्ये रिचार्ज क्षमतेच्या तीन खुणा दिसतात, निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत ० ते ४ असं वय दिसतं. ४ म्हणजे बदला. ती सोय नसेल तर माझी पद्धत: पूर्ण भरायची, कॅमेरा त्याच सेटिंगवर ठेवून व्हिडिओ चालू करायचा, कॅमेरा बंद पडेपर्यंतची मिनिटं वहीत. मधे रेकॉर्डिंग आपोआप थांबलं तर लगेच पुन्हा सुरू करायचं. सहा महिन्यांनी पुन्हा. नव्याच्या दोन तृतीयांशावर आली की ती फक्त तालमीला.

फ्लॅशमधल्या निकेल-मेटल हायड्राइड पेन्सिल सेलची जात वेगळी. त्यांचे चारचे संच करा आणि मोडू नका. तीन ताज्यांबरोबर एक थकलेला बसवला तर बाकीचे त्याला उलटा चार्ज करतात आणि तो मरतो.

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, ‘एकदा चार्ज करून बघू’ तर मुळीच नको. माझी ४ नंबरची दुरुस्तीवाल्याने कॅमेऱ्याचा तळ उघडून काढली. टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात दिली. तिच्या जागी घेतलेल्या बॅटरीवर मी ५ घातला, ४ नाही. नाहीतर वहीतली मिनिटं एकमेकांत मिसळतात.