केदारकंठ्याच्या बर्फात चालताना या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला जाणाऱ्यांत पुण्या-मुंबईची मंडळी भरपूर असतात. दमसास चांगला असतो, पाय तयार असतात. घात होतो तो सह्याद्रीतल्या सवयींमुळे. देहरादूनहून दिवसभर गाडीत बसून आपण सांकरीला, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावी उतरतो, ते गावच सुमारे १,९५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. केदारकंठ्याचं शिखर तर ३,८०० मीटरच्या आसपास. तिथे राजगडाचा हिशेब लावू नका.

सगळ्यात जास्त त्रास घामाने होतो. सकाळी हुडहुडी भरते म्हणून थर्मल, फ्लीस, जॅकेट सगळं अंगावर चढवून लोक निघतात. जंगलातला चढ लागला की पंधरा-वीस मिनिटांत पाठ ओली होते. मग फोटोला, चहाला थांबलं की तोच घाम गार पडतो आणि अंगातली ऊब ओढून नेतो. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजा. जॅकेट सॅकच्या तळाशी न कोंबता वरच ठेवा आणि थांबल्याबरोबर अंगात घाला, थंडी वाजायची वाट न पाहता. महागाच्या जॅकेटखाली सुती बनियन घातलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. सुती कापड ओलं झालं की लवकर वाळत नाही. जीन्सचंही तेच. अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टरच हवं.

पाय गार पडतात म्हणून बुटात दोन-दोन जाड मोजे कोंबू नका. बोटं आवळली की रक्त नीट पोचत नाही आणि पाय आणखी गारठतात. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. जाळीचे हलके बूट पावसाळी ट्रेकला छान, पण इथे बर्फ आत जाऊन वितळतो. झोपताना घालायचा कोरडा मोजा वेगळा ठेवा, चालताना त्याला हात लावू नका. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायचे धातूचे दाते, उतार सुरू होण्याआधी सपाटीवर चढवा. आणि ते पायात असताना घसरगुंडी अजिबात नको. दाते बर्फात रुततात, अंग पुढे जातं आणि घोटा पिरगळतो किंवा मोडतो.

थंडीत तहान जाणवत नाही, तरी घोट-घोट पाणी पीत राहा. पाणी वरून गोठायला लागतं, म्हणून बाटली सॅकमध्ये उलटी ठेवली की तोंड मोकळं राहतं. मोबाइल आतल्या खिशात ठेवा.

गॉगल ढगाळ हवेतही काढू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परतवतो. डोळे भाजल्याचं लगेच कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, कारण इथे ऊन खालूनही येतं.

उंचीमुळे डोकं दुखतंय, मळमळतंय, पण शिखर हुकेल म्हणून लीडरला सांगायचं नाही, ही चूक जीवावर बेतू शकते. त्रास होत असताना आणखी वर चढू नका. चालताना झोक जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवावं लागतं. थंडीने गारठून जोडीदार अडखळतोय, शब्द नीट फुटत नाहीत, तर ‘मी ठीक आहे’ या त्याच्या बोलण्यावर विसंबू नका. ओले कपडे बदला, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पाणी द्या. बधिर झालेली बोटं बर्फाने चोळू नका, शेकोटीवरही धरू नका. भाजलेलं कळत नाही. काखेत धरून ऊब द्या.

शिखराच्या दिवशी पहाटे तीनला उठवतात म्हणून कुरकुर होते. पण उन्हं वर आली की टणक बर्फ मऊ होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि तासाच्या वाटेला दोन तास लागतात. परतीची वेळ ठरली असेल तर त्या वेळी फिरा, माथा समोर दिसत असला तरी.